पुढच्या सीटवरचा वैमानिक

साल १९३१, जानेवारीतली सकाळ. जुहूच्या मैदानावरून जिप्सी मॉथ उठलंय, पुण्याकडे. तुम्ही पुढच्या सीटवर. या विमानात चालक मागे बसतो आणि पाहुणा पुढे. पाहुणा आपला म्हणायला. परवाना तुमच्याही खिशात आहे. आज उडवायचं त्यानं, वाट सांगायची तुम्ही.

मांडीवर नकाशाची घडी, तिच्यावर कोपर. वाऱ्यानं ती एकदा नेली की संपलंच. पवईचा तलाव मागे पडतो, ठाण्याची खाडी येते. खाजणं वरून कशी गुळगुळीत दिसतात! इंजिन बंद पडलं तर तिथे मात्र उतरायचं नाही, चाकं रुततील. पलीकडची भातखाचरं कापून मोकळी झालीत, पण बांधाला चाक अडलं की विमान नाकावर. मागच्याला समोर तुमचं डोकंच दिसतं, म्हणून बरासा माळ हेरून ठेवायचं काम तुमचं.

ज्या रुळांच्या मागोमाग चाललात, ते कळव्यापुढे पारसिकच्या डोंगरात गडप. बोगदा १९१६ सालचा. नवख्याची इथे भंबेरी उडते. डोंगर ओलांडा, दिव्याच्या बाजूला रूळ पुन्हा भेटतात. डोंबिवली म्हणजे अजून थोडी कौलं आणि शेतंच. तिच्यापुढे चोळ्याचं वीजघर, रेल्वेनं १९२९ मध्ये सुरू केलेलं. धुराड्याचा धूर खाडीकडे कललाय. म्हणजे वारा समोरून, घाट गाठायला उशीर होणार. घड्याळ बघा, पेन्सिलीनं वेळ टिपा.

गेल्याच वर्षी चावला आणि ॲस्पी इंजिनियर एकाच मॉथमधून कराचीहून इंग्लंडला पोचले. पुढे ॲस्पीनं तीच वाट उलटी, एकट्यानं उडून आगाखानांचं बक्षीस पटकावलं. सोबतीला बसणंही फुकट जात नाही, असं माझं मत.

आलं कल्याण. रूळ फुटतात: डावे कसाऱ्याकडे, उजवे कर्जतकडे. आणि विमान डावीकडे झुकतंय! खाली उल्हास नदी, शहाडचा पूल.

"उजवी, उजवी धर!" तुम्ही बोलनळीत ओरडता. इंजिनापुढे कोण ऐकतो?

तुमच्या गुडघ्यांमधली दांडी त्याच्या हाताबरोबर हलतेय. धरून वळवायचा मोह होतो. धरू नका, एका दांडीला दोन धनी झाले तर विमान कुणाचंच ऐकणार नाही. उजवा हात बाहेर काढून जोरात हलवा.

दांडी उजवीकडे येते. मलंगगड समोर सरकतो.

"दिसली," नळीतून आवाज येतो. "उंची कधी घेऊ?"

"आत्तापासूनच घे. बदलापूरची वाट बघू नकोस."