खुंटाचा गुलाब

कलमी गुलाब चार-सहा वर्षांत वाळतो आणि बुंध्याशी एखादा जोमदार फुटवा तेवढा उरतो. 'जंगली आला' म्हणून आपण तो छाटून टाकतो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. एका पावसाळ्यात मात्र आळसापायी एक फुटवा राहून गेला आणि पुढे त्याला सैलसर पाकळ्यांची, गोड वासाची गुलाबी फुले आली. एका जाणत्या माळ्याने पाहताच सांगितले, "हा एडवर्ड. तुमच्या कलमाचा खुंट."

एडवर्ड म्हणताच आमच्या डोळ्यांपुढे इंग्लंडचा राजा उभा राहिला! तो समज साफ चुकीचा निघाला. हा मूळचा 'रोज एदुआर'. त्याचे माहेर मादागास्करच्या पूर्वेचे रियुनियन बेट, म्हणजेच फ्रेंच राजवटीतील 'बूर्बाँ'. तेथील शेतकरी मळ्यांना गुलाबांचे कुंपण घालीत. त्यात दमास्क गुलाब असे आणि चीनचा बारमाही गुलाबही. शेजारी नांदणाऱ्या या दोन वाणांचा संकर माणसाच्या हाताविना झाला. एदुआर पेरिशाँ नावाच्या मळेवाल्याच्या कुंपणात हे आगळे रोप सापडले व त्याच्यावरून त्याला नाव पडले, असे सांगतात. १८१७ मध्ये बेटावर आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेआँ यांनी त्याचे वेगळेपण हेरले आणि त्याचे बी फ्रान्समध्ये ओर्लेआँच्या ड्यूकचे माळी झाक यांच्याकडे धाडले. त्यातून बूर्बाँ गुलाबांचे घराणे उभे राहिले. १८४३ चा 'सुव्हेनिर द ला माल्मेझाँ' हा त्याच घराण्यातला. पुढे आधुनिक गुलाबांच्या रक्तातही हा वंश मिसळला. १८४८ पासून बेट पुन्हा 'रियुनियन' म्हणवू लागले. गुलाबाच्या शास्त्रीय नावात मात्र 'बूर्बाँ' टिकून आहे.

त्याची ओळख पटवावी कशी? अलिगढकडचा दमास्क, तो 'चैती गुलाब', चैत्राच्या सुमारास एकदाच बहरतो. एडवर्ड वर्षातून अनेकदा फुलतो. दमास्कच्या फांदीवर लहानमोठ्या काट्यांची दाटी असते. एडवर्डचे काटे त्या मानाने विरळ. सुगंध दमास्कचा, पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण चिनी पूर्वजाचा. उत्तर हिंदुस्थानात त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद करतात.

वीतभर कांडी लावली तरी तो सहज मुळे धरतो, आणि हाच गुण त्याला भोवला. रोपवाटिकांनी त्याला खुंट केले. त्याच्यावर नव्या, डौलदार जातींचे डोळे भरायचे, पाटीवर नाव त्यांचे लिहायचे आणि याने जमिनीलगत राहून त्यांना पोसायचे. जुन्या गुलाबांची नावे दुष्काळाने वा किडीने जितकी गेली नसतील, तितकी अशी बिनपाटीची राहून गेली, असे आम्हांस वाटते.

यंदा छाटणीच्या वेळी आम्ही त्याच्या पाच कांड्या लावल्या. तीन जगल्या. प्रत्येकीपाशी बांबूची पट्टी रोवली आहे. पण तीवर 'एदुआर' लिहावे की 'एडवर्ड', यावर घरात अजून एकमत झालेले नाही.