चूल एकाची, जेवण दुसऱ्याचे

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. घरात इंटरनेट पोचवणाऱ्या वाय-फायच्या पेटीत एक छोटा संगणक असतो. त्याला पडदा नाही, कळफलक नाही, स्मृतीही बेताचीच. मग त्याची आज्ञावली तयार होते कोठे? ‘मोठ्या संगणकावर’ असे उत्तर येईल आणि ते बरोबर आहे. पण दोन्ही संगणकांचे प्रोसेसर बहुधा वेगळ्या जातीचे असतात. एकाला कळणाऱ्या सूचना दुसऱ्याला कळत नाहीत. मग हे जमते कसे?

माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे प्रोसेसरच्या सूचनांत भाषांतर करतो तो कंपायलर. ज्या यंत्रावर तो स्वतः चालतो, त्याहून वेगळ्या यंत्रासाठी सूचना तयार करतो तो क्रॉस-कंपायलर. ज्याच्याकडे चूल नाही त्याला दुसरीकडे शिजवून डबा पाठवावा, तसा हा प्रकार आहे.

युक्ती जुनी आहे. 1969 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांना पीडीपी-7 हा फारसा वापरात नसलेला छोटा संगणक मिळाला. त्याची स्मृती 8 हजार शब्दांची, प्रत्येक शब्द 18 बिटांचा. थॉम्प्सन यांनी आज्ञावली जीई-635 या मोठ्या संगणकावर लिहिली, तेथेच तिचे पीडीपी-7 च्या सूचनांत रूपांतर केले, कागदी फितीवर छिद्रे पाडून घेतली आणि ती फीत पीडीपी-7 कडे नेली. गाभा, मजकूर-संपादक, असेंब्लर एवढे तयार झाल्यावर पीडीपी-7 स्वतःच्या पायावर उभा राहिला. युनिक्सचा जन्म असा परक्या चुलीवर झाला.

1975 मध्ये तर यंत्रच समोर नव्हते. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी अल्टेअर 8800 या संगणकासाठी बेसिक भाषा तयार करायला घेतली. अ‍ॅलन यांनी हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-10 वर इंटेल 8080 प्रोसेसरची नक्कल करणारी आज्ञावली रचली आणि बेसिकच्या चाचण्या त्या नकलेवरच झाल्या. फीत घेऊन अ‍ॅलन विमानाने अल्बुकर्कीला निघाले. वाटेत त्यांच्या लक्षात आले, की फितीवरील मजकूर स्मृतीत भरून घेणारी छोटी आज्ञावली लिहायचीच राहिली आहे! ती त्यांनी विमानातच लिहिली. नकलेत प्रोसेसरचा एखादा नियम चुकला असता, तर सारे श्रम वाया जाण्याची भीती होती. पण खऱ्या यंत्राने 2 अधिक 2 चे उत्तर 4 दिले.

अशी अवजारे सर्वांच्या हाती येण्यास मोठा हातभार लावला तो जीसीसी या कंपायलरने. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो 1987 मध्ये मूळ मजकुरासह खुला केला. त्यात प्रोसेसरचे वर्णन वेगळे ठेवलेले असते. वर्णन बदलले की तोच कंपायलर दुसऱ्या प्रोसेसरसाठी काम करतो. 1991 मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स प्रसिद्ध केले, तेही जीसीसीच्याच आधारे. पुढे लिनक्स छोट्या उपकरणांत शिरले आणि क्रॉस-कंपायलरची गरज वाढली.

मात्र एकटा कंपायलर पुरत नाही. असेंब्लर, तुकडे जोडणारा लिंकर आणि सी भाषेचे ग्रंथालय अशी अवजारांची साखळीच लागते. तिला टूलचेन म्हणतात. ती घडवताना कोंबडी आधी की अंडे आधी, असा पेच पडतो. ग्रंथालय तयार करायला क्रॉस-कंपायलर हवा आणि पूर्ण क्रॉस-कंपायलर घडवायला ते ग्रंथालय हवे! त्यावरचा उपाय पायरी-पायरीचा आहे. आधी असेंब्लर व लिंकर. मग ग्रंथालयाविना चालणारा कामचलाऊ कंपायलर. त्याच्या साहाय्याने, लिनक्सच्या गाभ्याची माहिती देणाऱ्या फायली वापरून, ग्रंथालय. शेवटी पूर्ण कंपायलर. यांतील एका भागाची आवृत्ती दुसऱ्याशी जुळली नाही, की तासन्‌तास चाललेले काम अडते. म्हणूनच क्रॉसटूल, बिल्डरूट यांसारखे प्रकल्प निघाले. ते या पायऱ्या आपोआप चढतात. आज तर अनेक लिनक्स वितरणांत तयार क्रॉस-कंपायलर मिळतात.

एवढा खटाटोप कशासाठी? 2003 मध्ये लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी54जी या वाय-फाय पेटीत लिनक्स असल्याचे उघड झाले. परवान्यानुसार कंपनीला मूळ मजकूर खुला करावा लागला. त्यातून 2004 मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला आणि विकत घेतलेल्या पेटीत नवे गुण भरणे सामान्य वापरणाऱ्यांनाही शक्य झाले. पण त्या पेटीचा प्रोसेसर मिप्स जातीचा होता. टूलचेन नसती, तर तो मजकूर नुसता वाचायलाच उरला असता. यंत्र आपले म्हणायचे, तर त्यासाठी रांधता आले पाहिजे.

शाळेत लिनक्सचा पीसी आणि रास्पबेरी पाय असेल, तर एक प्रयोग करा. दोन ओळी छापणारी सी आज्ञावली पीसीवर आर्म प्रोसेसरसाठी कंपाइल करा आणि आधी पीसीवरच चालवून पाहा. बहुधा पीसी नकार देईल. मग तीच फाईल पायवर न्या. तेथे ती चालेल. नकार का आला, हे मुलांनाच सांगू द्या.