कादंबरीचा चित्रपट आणि सिंहगडाचीं साधनें

लोकप्रिय ऐतिहासिक कादंबरीवरून चित्रपट निघणार असें वर्तमान आलें, म्हणजे वाचकवर्गांत जी उत्सुकता उत्पन्न होते तिच्यापासून संशोधकानें अलिप्त राहावें, असें आमचें मत नाहीं. शिवाजी सावंत यांच्या 'छावा' कादंबरीवरून २०२५ सालीं हिंदी चित्रपट निघाला, त्यापूर्वींही ही उत्सुकता दिसलीच. आवडत्या ग्रंथांतील पुरुष पडद्यावर चालतां-बोलतां पाहावे ही इच्छा आम्हांसही आहे. मात्र अशा वेळीं संशोधकाच्या पदरीं एक काम येतें. तें कोणतें, हें सिंहगडाच्या प्रकरणावरून दाखविण्याचा येथें विचार आहे.

कै. हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें, बाबूराव पेंटर यांच्या दिग्दर्शनाखालीं, १९२३ सालीं 'सिंहगड' हा मूकपट काढिला. त्यांत शेलारमामाचें काम करणारे व्ही. शांताराम यांनींच १९३३ सालीं प्रभात कंपनीकरितां त्याच कथेचा बोलपट केला. हरिभाऊंनीं यांपैकीं एकही पाहिला नाहीं. परंतु ज्यांनीं पुस्तक कधीं हातीं धरिलें नव्हतें, त्यांच्याही ओळखीची त्यांची कथा झाली.

आतां साधनें काय सांगतात तें पाहूं. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहानें जे तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता. जेधे शकावलींत शके १५९१, माघ वद्य ९ (४ फेब्रुवारी १६७०) या मितीस तानाजी मालुसरे यांनीं गड घेतल्याची व ते तेथेंच पडल्याची त्रोटक नोंद आहे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें १६९७ च्या सुमारास बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद थोडा अधिक विस्तार करितो. निवडक मावळे वानरांप्रमाणें कडा चढून गेले, तानाजी व उदेभान हे दोघेही झुंजांत पडले, सूर्याजीनें लोक सांवरून गड सर केला, आणि पागेस आग लावून राजगडावरील महाराजांस इशारत दिली, इतकें त्यांत आहे.

रायबाचें लग्न, घोरपड व शेलारमामा हा भाग तुळसीदास शाहिराच्या पोवाड्यांतील आहे. हा पोवाडा ॲक्वर्थ व शाळिग्राम यांच्या १८९१ च्या संग्रहांत छापला गेला. कमलकुमारीचें कथानक सभासदांत नाहीं, तें कादंबरींतील आहे. बखर, पोवाडा व कादंबरी असे हे तीन थर चित्रपटांत एकजीव होतात, आणि प्रेक्षकास ते वेगळे करितां येत नाहींत.

याचा परिणाम गडाच्या नांवावरूनच दिसतो. तानाजी सिंहासारखा पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, अशी सार्वत्रिक समजूत आहे. परंतु शिवछत्रपतींच्या एप्रिल १६६३ मधील पत्रांत 'सिंहगड' हें नांव आलेलें आहे, म्हणजे तें या झुंजाच्या सात वर्षें आधींचें. महाराजांच्या तोंडीं सभासदानें घातलेल्या उद्गारांतही सिंह नाहीं. एक गड मिळाला व दुसरा गेला, असा त्याचा आशय आहे. तानाजीलाच गड म्हणण्यांत जो गौरव आहे तो प्रचलित वाक्याहून कमी आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

हरिभाऊंस यासाठीं दोष देणें अन्यायाचें होईल. कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. कादंबरी त्यापूर्वींच लिहिली गेली होती. शिवाय कादंबरीकारानें कल्पना चालवूं नये, असें कोणी म्हणणार नाहीं. मात्र शकावली छापली गेल्यावर चित्रपट काढणारांस ही सबब उरत नाहीं. अंधाऱ्या रात्रीं पेटलेली पागा आणि राजगडावरून तो उजेड पाहणारे महाराज, याहून पडद्यास योग्य देखावा कल्पनेनें तरी कोणता निर्माण करावा?

आमची खरी चिंता निराळी आहे. चित्रपट लोकप्रिय झाला म्हणजे जुन्या कागदांची किंमत चढते, आणि किंमत चढली म्हणजे बनावट कागदाचा मोहही वाढतो. पडद्यावर पाहिलेल्या प्रसंगास जुळणारा कागद लोक आनंदानें स्वीकारतात. न जुळणारा अस्सल कागद मात्र संशयास पात्र ठरतो, क्वचित् अडगळींतही जातो. असा कागद एकदां नष्ट झाला, कीं तो कोणत्याही उत्साहानें परत येत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, नव्या चित्रपटाची वार्ता येतांच त्या विषयाचे आपल्याजवळील कागद बाहेर काढावे. कागद कोणाच्या दफ्तरांतील, मिति कोणती, शिक्के-मोर्तब काय, अक्षर व शाई कशी, हें टिपून त्यांची अक्षरशः नक्कल छापावी. चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीं हें झालें, तर पाहणारास निदान पडताळा घेण्याचें साधन राहील. कादंबरीकारानें लोकांस गडाच्या पायथ्यापर्यंत आणून सोडिलें आहे. तेथून वर नेणारी वाट कागदांची आहे, आणि ती मोकळी राखणें आपल्याकडे आहे.