लास पिन्यास येथील चर्च व बांबूचा ऑर्गन

फिलिपाइन्समध्ये मनिलाच्या दक्षिणेस असलेल्या लास पिन्यास येथील संत जोसेफाचे चर्च त्यातील बांबूच्या ऑर्गनमुळे विख्यात आहे. दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने १८१६ मध्ये ऑर्गनचे काम आरंभिले. कीड लागू नये म्हणून तोडलेले बांबू प्रथम वाळूत पुरून ठेवण्यात आले. १८२४ मध्ये पूर्ण झालेल्या या वाद्यात १०३१ नळ्या असून त्यांपैकी ९०२ बांबूच्या व १२९ धातूच्या आहेत. तुतारीसारखा नाद बांबूतून निघणे अशक्य असल्याने तेवढ्यापुरताच धातू योजिला गेला. बांबूचा वापर ही केवळ काटकसर नसून तीमागे नादाचा विवेक होता, हे यावरून स्पष्ट होते.

भूकंप व वादळे यांनी जर्जर झालेले हे वाद्य १९७३ मध्ये दुरुस्तीसाठी जर्मनीतील बॉन येथे नेण्यात आले व १९७५ मध्ये परत आले. दरम्यान चर्चचाही जीर्णोद्धार झाला. २००३ मध्ये या ऑर्गनला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा लाभला.

दुरुस्तीने वास्तूचे प्राचीनत्व उणावते, असा आक्षेप घेतला जातो. तथापि मूक वाद्य हे केवळ वस्तू होय. ज्या वास्तूसाठी ते घडविले, तीतच त्याचा नाद घुमत राहणे, हेच या वारशाचे खरे मूल्य होय.