वायूला जात नसते, गटारात उतरणाऱ्याला असते

गटारात माणूस मेला की बातमी येते, 'विषारी वायूने गुदमरून मृत्यू'. आम्हाला हे वाक्य अर्धवट वाटते. वायूने मारले हे खरे, पण त्या वायूत माणसाला उतरवले कोणी?

आधी वायू समजून घेऊ. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. त्याला सडक्या अंड्यांचा वास असतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की नाक बधिर होते आणि माणसाला वाटते, वायू गेला. प्रमाण १००० च्या आसपास पोचले की काही श्वासांतच माणूस कोसळतो. मिथेन पेट घेतो आणि बंद जागेत प्राणवायूची जागाही बळकावतो. म्हणूनच वाचवायला उतरलेला दुसराही मरतो. तोंडावरचा रुमाल यातले काहीच अडवत नाही.

हे सरकारला ठाऊक नव्हते काय? १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम ३६ पाहा. विषारी वायूची शक्यता असलेल्या टाकीत उतरण्यापूर्वी वायू काढून टाकायचा, जागा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला घ्यायचा किंवा श्वसनयंत्र आणि दोरीचा पट्टा लावायचा. म्हणजे कारखान्यातल्या टाकीसाठी जे १९४८ साली कळले, ते गटारासाठी कळायला २०१३ उजाडले! १९९३ च्या कायद्याचा रोख कोरड्या संडासांवर होता. गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवली. तो लागू झाला ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला १० लाख, तर २०२३ साली ३० लाख रुपये भरपाई ठरवली. रक्कम तिप्पट झाली, माणसे उतरवणे मात्र थांबले नाही.

काही जण म्हणतात, यंत्रे नाहीत म्हणून हे घडते. आम्ही विचारतो, यंत्र नसले की प्रत्येक वेळी एकाच समाजाचा माणूस कसा सापडतो? जात श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते.

म्हणून कार्यकर्त्यांनो, तुमच्या शहरात असा मृत्यू झाला तर 'अपघाती मृत्यू' या नोंदीवर गप्प बसू नका. २०१३ च्या कायद्याखाली ठेकेदारावर आणि काम देणाऱ्यावर गुन्हा नोंदवून घ्या. भरपाई हा कुटुंबाचा हक्क आहे, पण ती शिक्षेच्या बदल्यात नाही.

जय भीम!