उस्मानिया विद्यापीठ आणि लोकभाषेचा प्रश्न

उस्मानिया विद्यापीठाची भव्य वास्तू हैदराबादच्या प्रत्येक मराठी माणसाने पाहिलेली असते. त्या वास्तूमागील विचाराचा परामर्श मात्र आपल्याकडे क्वचितच घेतला जातो. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने तो घेणे उचित ठरेल.

संस्थानातील निजाम कॉलेज १८८७ साली स्थापन झाले. ते मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते आणि तेथील शिक्षण इंग्रजीतून चाले. परभाषेतून शिकताना विद्यार्थ्याची शक्ती पाठांतरातच खर्ची पडते, हे ओळखून सर अकबर हैदरी यांनी देशी भाषेतील उच्च शिक्षणाची योजना मांडली. १९१७ च्या फर्मानाने तिला मान्यता मिळाली व १९१८ साली विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजी हा विषय सक्तीचा राहिला, परंतु माध्यम उर्दू ठरले. ‘दारुल तर्जुमा’ या भाषांतर विभागाने मौलवी अब्दुल हक यांच्यासारख्या विद्वानांच्या साहाय्याने इतिहासापासून वैद्यकापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आणले, परिभाषा घडवली. भारतीय भाषा ज्ञानाचा सर्व भार पेलू शकते, हे या प्रयोगाने सिद्ध केले.

परंतु देशी भाषा म्हणजे कोणाची भाषा? संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती. मराठवाड्यातून आलेल्या मुलाला उर्दू ही दरबाराची भाषा होती, घरची नव्हे. विद्यापीठ आणि समाज यांच्यातील हे अंतर राजकीय असंतोषातही प्रकटले. १९३८ च्या ‘वंदे मातरम्’ चळवळीत विद्यार्थ्यांना निष्कासित करण्यात आले, तेव्हा त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि १९५८ साली तेथेच मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण मराठी मुलाच्या दाराशी आले. विज्ञानाची भाषा मात्र बहुतांशी इंग्रजीच राहिली.

उस्मानियाच्या इतिहासातून दुहेरी बोध मिळतो. ग्रंथनिर्मितीची पूर्वतयारी नसेल, तर लोकभाषेचा आग्रह पोकळ ठरतो. आणि लोकांचा विसर पडला, तर उत्तम ग्रंथही एकाकी पडतात. कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी शास्त्रीय विषयांवरील मराठी ग्रंथांचे कपाटही भरलेले राहावे आणि ते वारंवार उघडले जावे, हे दुसऱ्या शतकात पदार्पण करणाऱ्या आपल्या ग्रंथालयाचे, आणि आपणा सर्व सभासदांचे, कर्तव्य आहे.