दांडेकर, गोपाल नीलकंठ
(८ जुलै १९१६–१ जून १९९८). मराठी कादंबरीकार, प्रवासवर्णनकार व महाराष्ट्रातील दुर्गांचे भाष्यकार. ‘गोनीदा’ ह्या नावाने परिचित. जन्म परतवाडा (जि. अमरावती) येथे. वयाच्या तेराव्या वर्षी शाळा सोडून ते स्वातंत्र्यचळवळीत ओढले गेले. पुढे संत गाडगे महाराजांचा सहवास त्यांना लाभला. त्यांनी नर्मदेची परिक्रमा पायी केली; कुणा एकाची भ्रमणगाथा ही त्यांची कादंबरी ह्याच अनुभवातून आकारास आली. पुढे ते तळेगाव दाभाडे येथे स्थायिक झाले.

किल्ल्यांविषयी मराठीत त्यांच्यापूर्वीही लेखन झाले होते. चिं. गं. गोगटे यांचा महाराष्ट्र देशांतील किल्ले हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभीचा. दांडेकरांनी मात्र स्वतःच्या पायपिटीतून मिळालेली माहिती मुख्य मानली. दुर्गदर्शन व दुर्गभ्रमणगाथा ह्या ग्रंथांत वाटा, दरवाजे, बुरूज व पाण्याची टाकी यांच्या वर्णनाबरोबरच तेथे घडलेला इतिहासही येतो. त्यामुळे गड पाहणाऱ्यास पडझड झालेल्या अवशेषांचा अर्थ लागू लागला. किल्ल्यांची छायाचित्रेही त्यांनी टिपली.

गडाच्या आसऱ्याने राहणारी माणसे हा त्यांच्या लेखनाचा दुसरा विषय. माचीवरला बुधा (१९५८) मध्ये मुंबई सोडून राजमाचीस परतलेला वृद्ध आहे, तर पवनाकाठचा धोंडी (१९५५) मध्ये तुंग किल्ल्याचा परिसर. जैत रे जैत (१९६५) ही ठाकर समाजावरील कादंबरी. हा समाज जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातही आढळतो. तीवरील मराठी चित्रपट १९७७ मध्ये प्रदर्शित झाला.

दांडेकरांच्या लेखनात इतिहास, आख्यायिका व भावना पुष्कळदा एकरूप होतात. त्यामुळे संशोधकास त्यातील तपशील मूळ साधनांशी ताडून पाहावा लागतो. तथापि गड, त्याखालचे रान आणि तेथील वस्ती ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत, ही त्यांची दृष्टी मोलाची ठरते. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा ‘लष्करी भूप्रदेश’ म्हणून जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे वाढणाऱ्या पर्यटनात गडांवरील व गडांखालील रहिवाशांचे स्थान काय, हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला असून त्याच्या विचारास हे लेखन उपयुक्त आहे.

स्मरणगाथा ह्या आत्मकथनात्मक कादंबरीस १९७६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. अकोला येथील मराठी साहित्य संमेलनाचे (१९८१) ते अध्यक्ष होते. पुणे येथे त्यांचे निधन झाले.